कर्नलआधी कंपाइलर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं की स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला बसायचं असेल तर आधी क्रॉस-कंपाइलर (एका यंत्रावर चालून दुसऱ्यासाठी प्रोग्राम बनवणारा कंपाइलर) बांधा, मग कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, पहिली ओळ लिहा. त्यावर कोल्हापुरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रं आली. काहींना हे पटलेलं नाही, काही बांधता बांधता अडकलेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते. नवख्यांसाठी एवढंच: जीसीसी हा फुकट मिळणारा कंपाइलर, उबुंटू, फेडोरा आणि डेबियन ही लिनक्सची रूपं, क्यूएमू म्हणजे पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम, फ्लॅग म्हणजे कंपाइलरला दिलेला पर्याय, आणि 'फ्रीस्टँडिंग' म्हणजे खाली ऑपरेटिंग सिस्टीम नाही असं त्याला सांगणं.

मॅडम, उबुंटूवर जीसीसी आधीपासून आहे. त्यालाच 'एम३२' आणि 'फ्रीस्टँडिंग' हे फ्लॅग दिले की माझा कर्नल कंपाइल होतो आणि क्यूएमूत चालतोही. मग एवढा वेळ घालवून दुसरा जीसीसी कशाला बांधायचा?
— इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, राजारामपुरी

तुझा कर्नल आज चालतोय हे खरं आहे, आणि स्क्रीनवर चार अक्षरं उमटवण्यापुरता तो पुढेही चालेल. पण टर्मिनलमध्ये जीसीसीला 'डम्पमशीन' हा पर्याय देऊन बघ. उत्तर येईल: एक्स८६-६४, लिनक्स, जीएनयू. हा कंपाइलर लिनक्सवर चालतो आणि लिनक्ससाठीच प्रोग्राम बनवतो. प्रोग्राम लिनक्सचा कर्नल मेमरीत चढवणार, 'मेन'च्या आधी सी लायब्ररीचा सुरुवातीचा कोड धावणार, काही बिघडलं तर सिग्नल येणार, हे सगळं तो गृहीत धरून बसलेला असतो. तुझ्या कर्नलखाली यातलं काहीच नाही. तिथं थेट प्रोसेसर आहे.

आता ही गृहीतकं कुठं कुठं चावतात ते सांगते. उबुंटूचा जीसीसी न विचारता स्टॅक प्रोटेक्टर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीची (स्टॅकची) राखण, चालू ठेवतो. ३२-बिट कोडमध्ये तो प्रत्येक संशयास्पद फंक्शनच्या सुरुवातीला जीएस सेगमेंटपासून २० बाइट पुढची संख्या वाचतो, स्टॅकवर ठेवतो, आणि परत जाताना ती तशीच आहे का ते तपासतो. लिनक्समध्ये त्या जागी मुद्दाम ठेवलेली गुप्त संख्या असते. तुझ्या कर्नलमध्ये जीएसचा पाया शून्य असेल तर तो मेमरीतल्या २० क्रमांकाच्या बाइटपासून जे काही पडलंय ते वाचतो. दोन्ही वेळा तेच वाचलं जातं म्हणून तपासणी पास होते, आणि संरक्षण आहे असा नुसता भास होतो. लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम, 'स्टॅक चेक फेल' नावाचं फंक्शन मागतो तेव्हा अनेक जण त्या नावाचं रिकामं फंक्शन लिहून पुढे जातात. तू तसं केलं असशील तर आजच काढून टाक.

पीआयईचंही तसंच. मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चालेल असा कोड बनवणं हे उबुंटूवर डिफॉल्ट आहे. तुझा कर्नल मात्र १ एमबीच्या पत्त्यावर बसवायचा असं लिंकर स्क्रिप्टमध्ये तूच लिहिलेलं असतं. मग ग्लोबल ऑफसेट टेबलची नावं एररमध्ये दिसायला लागतात आणि माणूस चक्रावतो. त्याहून त्रासदायक प्रकार बिल्ड-आयडीचा. लिंकर फाइलमध्ये स्वतःहून एक छोटी नोट घालतो. ती पुढे जाऊन बसली आणि तिच्यासाठी एक अख्खं पान गेलं, तर तुझं मल्टिबूट हेडर (बूटलोडरला कर्नल ओळखू देणारी खूण) पहिल्या ८१९२ बाइटच्या बाहेर ढकललं जातं. कर्नल मेमरीत चढवणारा ग्रब हा बूटलोडर तेवढ्याच जागेत हेडर शोधतो आणि 'मल्टिबूट हेडर सापडलं नाही' म्हणून थांबतो. कोडमध्ये चूक शोधून सापडणार नाही, कारण कोडमध्ये ती नाहीच.

हे सगळं फ्लॅग लावून बंद करता येतं, कबूल. पण ती यादी तुझ्या उबुंटूच्या तुझ्या आवृत्तीपुरती असते. मित्राच्या फेडोरावर वेगळी यादी लागेल आणि पुढच्या अपडेटमध्ये आणखी एखादं डिफॉल्ट वाढेल. जो कंपाइलर काहीच गृहीत धरत नाही, तो एकदा बांधणं मला फार सोपं वाटतं.

आपल्या उद्यमनगरात हे पॅटर्नमेकरला सांगावं लागत नाही. ओतलेलं बीड थंड होताना साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसतं, म्हणून त्याची पट्टीच तेवढी ताणलेली असते. लाकूड तो इथं कापतो, पण मापं भट्टीतून निघणाऱ्या लोखंडाची धरतो. क्रॉस-कंपाइलर उबुंटूवर चालेल, पण मापं तुझ्या कर्नलची धरेल.

बांधण्याचा क्रम असा. आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेंब्लर आणि लिंकर. मग जीसीसी. हा क्रम उलटा करू नकोस. जीसीसीचं कॉन्फिगर, म्हणजे बांधणीआधी चालणारी तयारीची स्क्रिप्ट, तुझ्या टार्गेटचा (ज्याच्यासाठी प्रोग्राम बनवायचा त्या यंत्राचा) असेंब्लर आणि लिंकर काय काय करू शकतात ते चाचपून बघतं, म्हणून ते आधी तयार असायला हवेत आणि 'पाथ'मध्येही (टर्मिनल प्रोग्राम शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) हवेत. दोन्हींना टार्गेट सांग 'आय६८६-एल्फ'. प्रीफिक्स, म्हणजे तयार प्रोग्राम ठेवायची जागा, म्हणून तुझ्या होम फोल्डरमधलं एखादं फोल्डर दे, मी 'ऑप्ट' आणि त्यात 'क्रॉस' असं ठेवते. सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार, कुठंही लागत नाही. लागतोय असं वाटलं तर प्रीफिक्स चुकलाय असं समज. सोर्सच्या फोल्डरमध्येच कॉन्फिगर चालवू नकोस, बिल्डसाठी शेजारी वेगळं रिकामं फोल्डर कर. जीसीसीची अधिकृत माहितीही हेच सांगते.

बिनयुटिल्सला 'विथ-सिसरूट', 'डिसेबल-एनएलएस' आणि 'डिसेबल-वेरर' दे. जीसीसीला 'डिसेबल-एनएलएस', 'एनेबल-लँग्वेजेस' म्हणून सी आणि सी++, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'विदाउट-हेडर्स'. या टार्गेटला सी लायब्ररी नाही, तिची हेडर शोधू नकोस, असं जीसीसीला सांगणारा पर्याय तोच. नंतर नुसतं 'मेक' (प्रत्यक्ष बांधणी करणारा आदेश) चालवू नकोस. ते सी++ची अख्खी लायब्ररी तुझ्या टार्गेटसाठी बांधायला जाईल आणि सी लायब्ररीच नाही म्हणून मध्येच पडेल. 'मेक ऑल-जीसीसी', मग 'मेक ऑल-टार्गेट-लिबजीसीसी', आणि त्या दोघांचे इन्स्टॉल, एवढंच कर.

झाल्यावर 'आय६८६-एल्फ-जीसीसी'ला डम्पमशीन विचार. लिनक्सचं नाव कुठं दिसणार नाही. मग तुझा आहे तो कर्नल त्याच्यावर कंपाइल कर आणि कुठले फ्लॅग आता लागत नाहीत ते मला पुढच्या पत्रात कळव.

माझा लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. 'मेक'ला 'जे८' दिलं की अर्ध्यावर 'किल्ड' आणि 'सीसी१प्लस' असं काहीतरी येतं आणि सगळं थांबतं. लई वैताग आलाय. नवा लॅपटॉप घेतल्याशिवाय हे होणारच नाही का?
— यंत्रमागाच्या ऑफिसात हिशेब बघणारा एक वाचक, इचलकरंजी

होईल, नवा लॅपटॉप नको. मेमरी संपली म्हणून लिनक्सने कंपाइलरची प्रोसेस मारली, एवढाच त्या मेसेजचा अर्थ. जीसीसी २०१३च्या ४.८ आवृत्तीपासून स्वतः सी++मध्ये कंपाइल होतो. त्याच्या काही फाइल्स प्रोसेसरच्या वर्णनावरून आपोआप तयार झालेल्या आणि प्रचंड मोठ्या असतात. 'जे८' म्हणजे अशा आठ फाइल्स एकाच वेळी मेमरीत. तुम्ही 'जे२' द्या, तरीही मारलं तर 'जे१'. थोडी स्वॅप फाइल (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवा आणि ब्राउझर बंद ठेवा. सी++ लागणार नसेल तर लँग्वेजेसमध्ये नुसतं सी लिहा.

आणि बिल्डचं फोल्डर पुसून पहिल्यापासून सुरू करू नका. तोच 'मेक' पुन्हा चालवला की जिथं थांबला तिथून तो पुढे जातो. वीज गेली असेल तर मात्र जी ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलचं कंपाइल झालेलं रूप) अर्धवट लिहिली गेली असेल ती तेवढी पुसा, नाहीतर ती पूर्ण झालीय असं 'मेक' समजतो आणि शेवटी लिंकिंगला विचित्र एरर येते. रात्री जेवण झाल्यावर लावून झोपा, सकाळी बघा.

कॉन्फिगर म्हणतं, जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी हवेत. ही तिन्ही गणिताच्या लायब्ररी आहेत असं कळलं. कंपाइलरला एवढं गणित कशाला लागतं? आणि ही माझ्या कर्नलमध्ये पण जाणार का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, गडहिंग्लज

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. ती कंपाइलर स्वतः चालताना वापरतो, तुझ्या कर्नलमध्ये त्यांचा एक बाइटही येत नाही.

तुझा पहिला प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण सूचना बघून टाइप करणारे शंभर जण असतात, हे विचारणारा एखादाच. तू कोडमध्ये एखाद्या स्थिर संख्येचं वर्गमूळ लिहिलंस तर हुशार कंपाइलर ते तिथल्या तिथं काढून उत्तरच प्रोग्राममध्ये ठेवतो. पण ते उत्तर कुठल्या यंत्राच्या हिशेबाने काढायचं? कंपाइलर तुझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर चालतोय आणि प्रोग्राम उद्या एखाद्या एआरएम चिपवर चालणार आहे. दोघांची दशांश गणितं शेवटच्या बिटापर्यंत जुळतीलच असं नाही. म्हणून जीसीसी ज्या यंत्रावर चालतो त्याच्या गणितावर विसंबत नाही, एमपीएफआरकडून हव्या तेवढ्या अचूकतेने हिशेब करून घेतो. एमपीएफआर जीएमपीवर उभी आहे, आणि एमपीसी काल्पनिक भाग असलेल्या संमिश्र संख्यांसाठी आहे. पहिल्या दोन २००८च्या ४.३ आवृत्तीपासून सक्तीच्या झाल्या, एमपीसी २०१०च्या ४.५पासून. क्रॉस-कंपाइलरला तर त्या जास्तच हव्यात, कारण चालण्याची जागा आणि कामाची जागा तिथं मुळातच वेगळी असते.

उपाय सोपा. उबुंटू किंवा डेबियनवर या तिघींची 'डेव्ह' पॅकेजेस घे, सोबत बायसन, फ्लेक्स आणि टेक्सइन्फो. नुसती साधी लायब्ररी आधीच असते, पण हेडर 'डेव्ह'मध्ये येतात, बहुतेक जण तिथंच अडकतात. पॅकेज घेता येत नसेल तर जीसीसीच्या सोर्समध्ये 'कॉन्ट्रिब' फोल्डरात 'डाउनलोड प्रीरिक्विझिट्स' नावाची स्क्रिप्ट आहे. ती सोर्सच्या मुख्य फोल्डरमध्ये उभं राहून चालवायची. मग या लायब्ररी जीसीसीबरोबरच बांधल्या जातात.

मशीन सुरू होऊन किती वेळ झाला ते दाखवायला ६४-बिटचा काउंटर ठेवला. त्याला १०००ने भागलं की लिंकर 'यूडिवडीआय३' सापडत नाही म्हणतो. बेरीज केली तर काही तक्रार नाही. हे फंक्शन मी कुठं वापरलंच नाही!
— तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, वारणानगर

तू वापरलं नाहीस, कंपाइलरने वापरलं. ३२-बिट प्रोसेसरवर ६४-बिट बेरीज दोन सूचनांत होते: खालचे अर्धे मिळवा, मग हातच्यासकट वरचे अर्धे. भागाकाराचं तसं नाही. प्रोसेसरची भागाकाराची सूचना ६४-बिट संख्येला ३२-बिटाने भागते खरी, पण उत्तर ३२ बिटांत मावलं नाही तर ती एक्सेप्शन फेकते. म्हणून कंपाइलर भागाकाराचा पूर्ण हिशेब करणाऱ्या तयार फंक्शनला हाक मारतो. ती फंक्शनं लिबजीसीसीत असतात. वर राजारामपुरीच्या विद्यार्थ्याला 'मेक ऑल-टार्गेट-लिबजीसीसी' सांगितलं ते यासाठीच.

तू थेट 'एलडी' हा लिंकर चालवून लिंक करतोयस असा माझा अंदाज आहे. तसं करू नकोस, लिंक करतानाही 'आय६८६-एल्फ-जीसीसी'च वापर. लिबजीसीसी कुठं आहे ते त्याला ठाऊक असतं. 'नो-एसटीडीलिब' दे आणि ओळीच्या अगदी शेवटी 'एल-जीसीसी'. शेवटी म्हणजे खरोखर शेवटी, सगळ्या ऑब्जेक्ट फाइल्सनंतर. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि त्या क्षणापर्यंत ज्या नावांची मागणी झालीय तेवढीच लायब्ररीतून उचलतो. लायब्ररी आधी लिहिली तर त्या वेळी कुणी काही मागितलेलंच नसतं.

याच वाटेवर पुढचा खड्डा आहे, तो आत्ताच दाखवून ठेवते. फ्रीस्टँडिंग म्हटलं तरी जीसीसी चार फंक्शनं तुझ्याकडून हक्काने मागतो: मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्पेअर. मोठं स्ट्रक्चर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठेवलंस की तो मेमकॉपीला हाक मारू शकतो. ही चारही तू लिहायची. आणि मेमसेट साध्या लूपने लिहिलंस, अलीकडची आवृत्ती आणि 'ओ२' असेल, तर कंपाइलर तो लूप बघून म्हणतो, अरे हे तर मेमसेटच, आणि लूपच्या जागी मेमसेटला हाक मारू शकतो. मग मेमसेट स्वतःलाच बोलावत राहतं आणि स्टॅक संपेपर्यंत थांबत नाही. त्या एका फाइलपुरता 'नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स' हा फ्लॅग लाव. लावल्यावर 'ऑब्जडम्प'ने मेमसेटचं असेंब्ली उघडून स्वतःच्या डोळ्यांनी खात्री कर. असेंब्ली वाचायची सवय तुला याच निमित्ताने लागू दे.

माझा कर्नल ६४-बिटचा. टायमर इंटरप्ट बंद असेपर्यंत सगळं छान. चालू केला की कधीतरी एखाद्या लोकल व्हेरिएबलची किंमत आपोआप बदलते. इंटरप्ट हँडलर मी सगळे रजिस्टर जपून ठेवतो आणि परत देतो. हँडलर रिकामा केला तरी तेच. मी वेडा होईन.
— घरून नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर, शाहूपुरी

तुमचा हँडलर, म्हणजे इंटरप्ट (चालू काम थांबवणारा इशारा) आल्यावर धावणारा कोड, निर्दोष आहे. हँडलरची पहिली सूचना चालायच्या आधीच नुकसान झालेलं असतं.

एक्स८६-६४च्या सिस्टीम व्ही एबीआयमध्ये (फंक्शनांनी रजिस्टर आणि स्टॅक कसे वापरायचे याच्या नियमांत) स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट 'रेड झोन' म्हणून राखलेले आहेत. जे फंक्शन पुढे कुणालाच बोलवत नाही, त्याला आपले लोकल व्हेरिएबल स्टॅक पॉइंटर न हलवता तिथंच ठेवायची मुभा आहे. दोन सूचना वाचतात, वेग मिळतो. साध्या प्रोग्रामला हे सुरक्षित आहे, कारण इंटरप्ट आला तर प्रोसेसर कर्नलच्या वेगळ्या स्टॅकवर जातो, आणि सिग्नल पोचवताना लिनक्स ते १२८ बाइट मुद्दाम सोडून पुढे जातो.

पण तुमचा कोडच कर्नल आहे. कर्नलमध्ये असताना इंटरप्ट आला तर, वेगळा स्टॅक नेमून दिला नसेल तर, प्रोसेसर स्टॅक बदलत नाही. चालू स्टॅकवरच तो एसएस, आरएसपी, आरफ्लॅग्ज, सीएस आणि आरआयपी अशा पाच गोष्टी ढकलतो, ४० बाइट. ते थेट रेड झोनवर पडतात. नेमक्या त्याच क्षणी एखादं छोटं फंक्शन चालू असेल तर त्याचं व्हेरिएबल गेलं. 'कधीतरी' होतं ते म्हणूनच. प्रिंटची ओळ घातली की दोष गायब होतो, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. प्रिंटला बोलावल्यामुळे ते फंक्शन रेड झोन वापरायचंच सोडून देतं.

उपाय 'नो-रेड-झोन', कर्नलच्या प्रत्येक फाइलला. सोबत 'जनरल-रेग्ज-ओन्ली' द्या, म्हणजे कंपाइलर गुपचूप एसएसई रजिस्टर वापरणार नाही, कारण ती तुमचा हँडलर बहुधा जपत नसेल.

आता जे बहुतेक जण विसरतात ते. तुमचा कोड रेड झोनशिवाय कंपाइल झाला, पण लिबजीसीसी? ती तुम्ही टूलचेन (कंपाइलर, असेंब्लर, लिंकर यांचा संच) बांधताना तयार झाली, रेड झोनसकट. तिच्यातलं फंक्शन चालू असताना इंटरप्ट आला तर तीच गोष्ट पुन्हा घडेल, आणि या वेळी दोष शोधायला महिने लागतील. म्हणून 'एक्स८६-६४-एल्फ'चा जीसीसी बांधतानाच लिबजीसीसीची दुसरी, रेड झोन नसलेली प्रत बनवायची असते. सोर्समध्ये 'कॉन्फिग'मधल्या 'आय३८६' फोल्डरात 'टी-एक्स८६-६४-एल्फ' नावाची दोन ओळींची फाइल करा. पहिल्या ओळीत मल्टिलिब ऑप्शन्समध्ये 'एम-नो-रेड-झोन' मिळवा, दुसरीत मल्टिलिब डिरनेम्समध्ये 'नो-रेड-झोन'. मग 'कॉन्फिग डॉट जीसीसी' या फाइलमध्ये तुमच्या टार्गेटच्या नोंदीत 'टीमेक-फाइल' म्हणून तिचा उल्लेख करा आणि पुन्हा बांधा. झाल्यावर जीसीसीला 'एम-नो-रेड-झोन' आणि 'प्रिंट-लिबजीसीसी-फाइल-नेम' एकत्र द्या. उत्तरात आलेल्या पाथमध्ये 'नो-रेड-झोन' फोल्डर दिसलं तर काम झालं. फ्लॅग न देता विचारलं की ते दिसता कामा नये.

माझं मत विचाराल तर पहिला कर्नल ३२-बिटचाच लिहावा. तिथल्या एबीआयमध्ये रेड झोन नाही, पेजिंग सुरू केल्याशिवायही पुढे जाता येतं, आणि शिकण्यासारखं सगळं तिथं आहे. पण तुम्ही इतक्या पुढे आला आहात, आता मागे फिरू नका.

मावशी, मी अकरावीत आहे. आमच्याकडे विंडोज आहे. मला पण ओएस करायचीय. क्लँग घेतलं तर काही बांधायलाच लागत नाही म्हणे, खरं का? आणि माझ्या ओएसवर माझं नाव मराठीत दिसेल का?
— कागल

बाळा, क्लँग या दुसऱ्या कंपाइलरबद्दल तू ऐकलंस ते बरंचसं खरं आहे. जीसीसी बांधतानाच एका टार्गेटला बांधला जातो. क्लँगच्या एकाच प्रोग्राममध्ये अनेक प्रोसेसर असतात, 'टार्गेट' सांगितलं की झालं. सोबत एलएलडी हा लिंकर घे. लिबजीसीसीच्या जागी मात्र तुला कंपाइलर-आरटीचा भाग स्वतः बांधावा लागेल, नाहीतर वारणानगरच्या दादाची अडचण तुलाही येईल. तरी एकदा जीसीसी हाताने बांध असंच मी सांगेन. कंपाइलर, असेंब्लर, लिंकर, लायब्ररी हे चार वेगवेगळे आहेत हे ते बांधताना जसं कळतं तसं वाचून कळत नाही.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू कर आणि त्यात उबुंटू घे. सोर्स सी ड्राइव्हवर ठेवू नकोस, डब्ल्यूएसएलच्या होम फोल्डरमध्ये ठेव, नाहीतर बिल्ड फार हळू होतो. मग मल्टिबूट हेडर, १ एमबीवर बसणारा कर्नल, आणि 'क्यूएमू-सिस्टीम-आय३८६'ला 'कर्नल' पर्याय. सीडीची इमेज वगैरे सुरुवातीला काही नको. मशीन सारखं रिस्टार्ट होत असेल तर 'नो-रिबूट' आणि 'डी इंट' हे पर्याय दे, कुठल्या इंटरप्टवर पडलं ते दिसेल.

तुझं नाव इंग्रजी अक्षरांत पहिल्याच दिवशी दिसेल. टेक्स्ट मोडची मेमरी बी८००० या हेक्स पत्त्यावर असते. ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक जागेला दोन बाइट: एकात अक्षर, दुसऱ्यात रंग. मराठीचं काम मोठं आहे. टेक्स्ट मोडमध्ये एका वेळी साधारणपणे २५६च आकार असतात, प्रत्येक आपल्या चौकटीत बंद. शिरोरेषा सलग हवी, वेलांटी आधी काढावी लागते, जोडाक्षर दोन चौकटींत मावत नाही. डॉसच्या काळात हे सोडवायला पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट नावाचं वेगळं कार्ड पीसीत बसवत असत. मूळ काम आयआयटी कानपूरचं. तू कार्डाच्या मागे लागू नकोस. ग्राफिक्सचा फ्रेमबफर (स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठेवणारी मेमरी) घे, तुझ्या नावातली अक्षरं चौकटीच्या कागदावर काढ, काळी घरं म्हणजे १, पांढरी म्हणजे ०, आणि ती ठिपक्या-ठिपक्यांनी स्क्रीनवर रंगव. झालं की फोटो पाठव. मला तो खरंच बघायचाय.

मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघत बसतो. विचारलं तर म्हणतो कंपाइलर बांधतोय. कंपाइलर फुकट मिळतो ना? यातून पोटापाण्याचं काही होईल का, खरं सांगा.
— एक वडील, लक्ष्मीपुरी

खरं तेच सांगते. नोकरीची हमी मी देणार नाही, आणि त्याची झोप पुरी होऊ दे हे मीही त्याला सांगेन.

पण तो जे करतोय ते मी गोकुळ शिरगावात पगारासाठी करत आले. वजनकाट्याच्या आणि दुधाचं फॅट मोजणाऱ्या मशीनच्या आत एक छोटी चिप असते. तिच्यावर कंपाइलर चालू शकत नाही, तेवढी मेमरीच नसते. प्रोग्राम पीसीवर लिहितात, क्रॉस-कंपाइलरने चिपसाठी बनवतात आणि आत भरतात. शिरोलीतल्या सीएनसी मशीनचा कंट्रोलर, तुमच्या घरचा वीजमीटर, गाडीचं इंजिन कंट्रोल, सगळ्यांचं तसंच. फुकट मिळणारा कंपाइलर वापरणारे पुष्कळ आहेत. नवीन चिप आली आणि टूलचेन अडली तर ती सोडवणारा माणूस आमच्याकडे शोधावा लागायचा. तुमच्या मुलाला हे आवडतंय. त्याने काय बांधलं ते एकदा शेजारी बसून त्याला दाखवायला सांगा, समजलं नाही तरी.

जीसीसीची नवी आवृत्ती दरवर्षी येते. दरवर्षी पुन्हा बांधायचं का?
— राधानगरी, आणि याच अर्थाची आणखी काही पत्रं

गरज पडली तरच. तुमचा कर्नल चालतोय आणि नव्या आवृत्तीतलं काही हवं नाही, तर जुनीच ठेवा. बांधायचीच असेल तर सोर्स जीएनयूच्या अधिकृत साइटवरून घ्या, सोबतची सिग्नेचर तपासा. कॉन्फिगरच्या सगळ्या ओळी एका शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा आणि ती स्क्रिप्ट कर्नलच्या सोर्सबरोबरच ठेवा. प्रीफिक्सला आवृत्तीच्या नावाचं वेगळं फोल्डर द्या, म्हणजे दोन्ही टूलचेन शेजारी शेजारी राहतील आणि 'पाथ' बदलला की झालं. नवी आवृत्ती नव्या वॉर्निंग देईल, त्या दाबू नका, वाचा. नव्या कंपाइलरवर बांधलेला कर्नल क्यूएमूत आणि खऱ्या मशीनवर, टायमर चालू ठेवून, नीट चालतोय हे बघा. तोवर जुनं फोल्डर पुसू नका.